सुदामतात्यांनी नापास केलेला लॅपटॉप

बारामतीत भिगवण रस्त्यावर लॅपटॉपचं एक दुकान आहे. काचेचं दार, आत थंड हवा, काउंटरवर ओळीनं उघडे ठेवलेले लॅपटॉप. एका मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता या दुकानात सुदामतात्यांनी सदऱ्याच्या खिशातून नऊ इंची स्क्रू ड्रायव्हर काढला, त्याचं टोक एका चालू लॅपटॉपच्या पाठीवर टेकवलं, मूठ उजव्या कानाला लावली आणि डोळे मिटले.

दुकानात तेव्हा आम्ही सहाजण होतो. सगळेच तात्यांकडे बघत होतो.

“पंखा रडतोय,” तात्या डोळे न उघडता म्हणाले. “बंद करा ह्याला.”

दुकानाचे मालक निलेशशेठ पुढे आले. “काका, नवा पीस आहे. आज सकाळीच खोक्यातून काढलाय.”

“नवा असून रडतोय. जुना झाल्यावर काय करंल?”

मी तात्यांच्या शेजारी उभा होतो. ‘ह्यांच्याबरोबर आलेला माणूस’ अशी माझी दुकानात ओळख झाली ती तेव्हा. पुढे बारामतीत बातमीच्या कामाला गेलो की निलेशशेठ मला लांबून बघत आणि आधी माझ्या मागे कुणी आहे का ते पाहून घेत.

सुदामतात्या इंदापुरात माझ्या घराला लागून असलेल्या घरात राहतात. वय सहासष्ट. बसच्या आगारात मदतनीस म्हणून लागले आणि हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीला आठ वर्षं झाली, पण तपासणी थांबलेली नाही. फक्त गाड्या संपल्या, म्हणून तात्या इतर वस्तूंवर आले. गल्लीतला कुठलाही मिक्सर, पंप, कूलर किंवा शिलाई मशीन त्यांच्या कानाखालून गेल्याशिवाय राहत नाही. कुणी बोलावण्याची ते वाट बघत नाहीत. आवाज आला की ते येतात, स्क्रू ड्रायव्हर टेकवतात, ऐकतात आणि चिडतात.

चिडणं हा त्यांच्या तपासणीचा भाग आहे. दोष सापडला की तात्यांना आनंद होत नाही. अपमान झाल्यासारखं वाटतं. कुणीतरी ती वस्तू बनवली, कुणीतरी ती तपासली असं सांगितलं, कुणीतरी ती विकली, आणि या सगळ्यांनी मिळून सुदाम मेकॅनिकला फसवायचं ठरवलं, अशा चेहऱ्यानं ते वस्तूकडे बघतात.

त्यांचा एक आवडता शब्द आहे: मार्गबिघाड. आगाराच्या कागदांत वाटेत बंद पडलेल्या गाडीसाठी हा शब्द वापरतात. तात्या तो सगळ्याला लावतात. वीज गेली की डीपीचा मार्गबिघाड. गल्लीतल्या एका मुलाचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा ते मुलाच्या बापाला म्हणाले, “वाईट वाटून घेऊ नगा, साखरपुड्याच्या आधी मार्गबिघाड झाला ते बरं. घाटात झाला असता तर?” स्वतःच्या मोतीबिंदूलाही ते डाव्या डोळ्याचा मार्गबिघाड म्हणत, आणि ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना त्यांनी विचारलं होतं की नव्या भिंगाचा सुटा भाग इंदापुरात मिळतो का.

त्यांचं ऐकायला लागतं, कारण त्यांनी सांगितलेला दोष निघतो. माझ्या गाडीच्या बॉनेटवर एकदा कान ठेवून त्यांनी सांगितलं होतं, “बातमीदार, पट्टा बदल. आठ दिस काढंल.” ते मला नावानं हाक मारत नाहीत. मी पट्टा बदलला नाही. नवव्या दिवशी निमगाव केतकीच्या अलीकडे तो तुटला. गाडी ओढून आणली तेव्हा तात्या दारातच उभे होते. मी चुकलो याचं त्यांना काही नव्हतं. एक दिवस कसा जास्त निघाला, याचा ते संध्याकाळपर्यंत विचार करत होते.

आता लॅपटॉपकडे यायला हवं.

तात्यांची मुलगी वैशाली एकतीस वर्षांची. कॉमर्स झालेली. आई सहा वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून घरात ही दोघंच. वैशाली इंदापुरात एका ठिकाणी नोकरी करत होती. तिला पुण्याच्या एका कंपनीत काम मिळालं: ग्राहकांच्या तक्रारी ऐकायच्या, नोंदवायच्या आणि त्यांचा निकाल लागेपर्यंत पाठपुरावा करायचा. तक्रारी ऐकण्याचा तिला घरचाच एकतीस वर्षांचा अनुभव होता.

काम घरून करायचं होतं. लॅपटॉप मात्र स्वतःचा हवा, तोही कंपनीनं पाठवलेल्या यादीप्रमाणे, कार्यालयीन कामाच्या वर्गातला. त्या वर्गातला सर्वांत स्वस्त लॅपटॉप वैशालीच्या ऐपतीत बसत होता. कंपनीच्या नेमणूक-पत्रात शेवटी एक अट होती: महिन्यात दोन वेळा यंत्र बंद पडून काम थांबलं, तर कर्मचाऱ्यानं पुण्याच्या कार्यालयात येऊन बसावं.

तात्यांनी ही ओळ लाल पेन्सिलीनं अधोरेखित केली. “बघितलंस का, बातमीदार? दोन मार्गबिघाड आन पोरगी पुण्याला.”

वैशालीनं मोबाइलवर एक लॅपटॉप पसंतही करून ठेवला होता. मागवायचं बटण दाबायचं तेवढं बाकी होतं. तात्यांनी मोबाइल तिच्या हातातून काढून घेतला.

“डबा उघडल्यावर कळणार व्हय आत काय हाय ते? आधी मी बघणार.”

“तात्या, लाखो लोक असंच मागवतात.”

“लाखो लोक बोंबलत्यात, ते दिसत न्हाय तुला मोबाइलवर.”

म्हणून आम्ही मंगळवारी बारामतीला गेलो होतो. वैशालीला रजा नव्हती. मला तालुक्याच्या एका बैठकीला जायचं होतं. ती बैठक मी गाठू शकलो नाही.

पंख्याचा निकाल लागल्यावर तात्यांनी माहितीपत्रक मागितलं. मी वाचायचं आणि त्यांनी ऐकायचं, अशी वाटणी झाली.

“लष्करी दर्जाच्या कसोट्यांना उतरलेला,” मी वाचलं.

“थांब.” तात्यांनी हात वर केला. “कुठल्या मिल्ट्रीनं तपासला?”

निलेशशेठ म्हणाले, “तसं नसतं काका. लष्कर ज्या कसोट्या लावतं ना, तसल्या कसोट्या कंपनी स्वतःच लावते.”

“म्हंजे पोरानं सोताचा पेपर सोताच तपासला. पास झाला आसंल?”

“हो, म्हणजे… झालाय.”

“सही कुणाची हाय?”

“सही?”

“तपासणाऱ्याची सही. आगारात आमी एक नट आवळला तरी खाली सही करायचो. उद्या चाक निखळलं तर कुणाच्या उरावर बसायचं ते कळाया नको? हितं मिल्ट्रीचं नाव आन सही कुणाचीच न्हाय!”

निलेशशेठनी पत्रक उलटंपालटं करून बघितलं. सही खरोखरच नव्हती.

“पुढं वाच.”

“कीबोर्डवर पाणी सांडलं तरी लॅपटॉप सुरक्षित राहतो.”

तात्यांनी काउंटरवरची पाण्याची बाटली उचलली आणि झाकण फिरवलं. निलेशशेठनी दोन्ही हातांनी लॅपटॉप झाकला.

“अहो काका! सांडायचं नाही!”

“तुमीच लिवलंय.”

“लिहिलंय. पण चुकून सांडलं तर. आणि तरी पाण्यानं बिघडला तर तो वॉरंटीत येत नाही.”

तात्या माझ्याकडे वळले. “बातमीदार, लिवून घे. पाणी चालतंय, पर पाणी चालत न्हाय.”

मी लिहून घेतलं. तात्यांनी घरून शाळेच्या वहीचा एक कागद आणला होता, मधोमध रेघ मारलेला. डावीकडे ‘गुण’, उजवीकडे ‘दोष’. एक गोष्ट नमूद करायला हवी: तात्या पक्षपाती नाहीत. झाकण त्यांनी चाळीस वेळा उघडून मिटलं. मी मोजत होतो. एकदाही ते सैल पडलं नाही, आणि पूर्ण मागे नेलं तर पाटासारखं सपाट झालं. ‘बिजागरी चांगली’ असं त्यांनी गुणांत लिहायला लावलं. बटणं दाबल्यावर खोल जातात आणि परत वर येतात, हेही गुणांत गेलं. वायर जोडायच्या जागा भरपूर होत्या. कॅमेऱ्यावर सरकतं झाकण होतं. ते बघून तात्या पहिल्यांदा खूश झाले. “हे बरं केलंय. नको तवा डोळा झाकता येतोय.”

पण झाकण सरकवून त्यांनी पडद्यावर स्वतःचा चेहरा बघितला आणि तो गढूळ पाण्यात बघितल्यासारखा दिसला, तेव्हा दोषांचा रकाना पुन्हा सुरू झाला. पडदा समोरून बरा, बाजूनं बघितला की माणूस काळवंडतो. दारात उन्हाला नेला तर काहीच दिसत नाही. आवाज एवढा बारीक की कान लावावा लागतो. मधली बटणं जोरात दाबली तर खालचा पत्रा आत जातो, आणि तो पत्राही नाही, प्लास्टिक आहे.

मग तात्यांनी लॅपटॉप पालथा घातला आणि स्क्रू मोजले.

“उघडा.”

“काका, इथं उघडता येत नाही. उघडला तर कंपनी विचारते.”

“काय विचारती?”

“कुणी उघडला म्हणून.”

“मी उघडला म्हणून सांगा! पैसं माझं, मशीन माझं, आन आत बघायची चोरी?” तात्यांचा आवाज चढला. एक गिऱ्हाईक चार्जर न घेताच बाहेर गेलं. “उभी हयात इंजिनं उघडली मी. आत बघितल्याबगर गाडी सोडली न्हाय. आन हे म्हणत्यात, आत बघू नका, इस्वास ठेवा. इस्वास ठेवायचा तर देवळात जाईन की, हितं कशाला येऊ?”

निलेशशेठनी मोबाइलवर त्याच लॅपटॉपच्या आतल्या भागाचं चित्र काढून दाखवलं. तात्यांनी चष्मा कपाळावर घेतला आणि चित्र डोळ्यांजवळ धरलं. त्यांना हवं ते दिसलं. निम्मी मेमरी मदरबोर्डच्या पाट्याला डाग देऊन पक्की बसवली होती; ती काढता येत नव्हती.

“म्हंजे ही गेली की पाट्यासकट गेली,” ते म्हणाले. आता ते ओरडत नव्हते. कुणीतरी जाणूनबुजून वाईट काम केलेलं बघितल्यावर माणूस जसा बोलतो, तसं बोलत होते. “दुरुस्त करायचंच न्हाय, असं ठरवून बनवलंय.”

त्या दिवशी आम्ही रिकाम्या हातानं परतलो. निघताना तात्यांनी दुकानाच्या दाराचा करकर आवाज ऐकला, परत फिरले आणि दहा मिनिटांत तो बंद करून दिला. त्याचे पैसे घेतले नाहीत. यामुळे निलेशशेठची अडचण झाली. शुक्रवारी तात्या पुन्हा आले तेव्हा त्यांना दुकानाबाहेर काढणं शक्य राहिलं नाही.

शुक्रवार हा बॅटरीचा दिवस होता. पत्रकात लिहिलं होतं: एकदा चार्ज केल्यावर दहा तासांपर्यंत चालते. तात्यांनी सोबत जेवणाचा डबा आणला होता. दहा वाजून चाळीस मिनिटांनी त्यांनी शंभर टक्के भरलेल्या लॅपटॉपवर एक व्हिडिओ सुरू करून घेतला, चार्जर काढून स्वतःच्या पिशवीत टाकला आणि समोर खुर्ची घेऊन बसले.

“काका, तुम्ही खरंच दहा तास बसणार?”

“तुमी खरंच धा तास म्हणालाय न्हवं?”

दुपारी मी कामं आटोपून परत आलो तेव्हा तात्या निलेशशेठना आणि दुकानातल्या दोन माणसांना पिठलं-भाकरी वाढत होते. लॅपटॉप चालू होता. चार वाजून बावन्न मिनिटांनी तो बंद पडला. सहा तास बारा मिनिटं.

“आता बोला.”

“काका, ‘पर्यंत’ लिहिलंय त्यांनी. दहा तासां-पर्यंत. वापरावर असतं ते. पडद्याचा उजेड, आवाज, इंटरनेट…”

तात्या उभे राहिले. त्यांना इतकं चिडलेलं मी क्वचितच बघितलं आहे.

“निलेशशेठ, बारामतीत गाडीत बसलात. इंदापूरपर्यंतचं तिकीट काढलं. गाडीनं तुमाला निमगाव केतकीला उतरवलं आन कंडक्टर म्हणला, पर्यंत लिवलंय, कवा कवा हितंवरच येतो आमी. उतरचाल?”

“नाही उतरणार.”

“का?”

“पर्यंत म्हणजे… तिथं पोचवायला पाहिजे.”

“मग ह्या कंपनीला मराठी कुणी शिकवलं?”

दुकानातली दोन्ही माणसं हसली. निलेशशेठ हसले नाहीत. ते प्रामाणिक माणूस आहेत. थोड्या वेळानं ते म्हणाले, “काका, या किमतीत हाच त्यातल्या त्यात बरा आहे. आणि एक तुम्ही बघितलंच नाही. उचलून बघा. दीड किलोच्या आत आहे.”

तात्यांनी एका हातानं लॅपटॉप उचलला, खाली ठेवला आणि मला म्हणाले, “दोषात लिव. हलका.”

“काका, हलका असणं हा गुण आहे!”

“कुणाचा?”

“घेणाऱ्याच्या सोयीचा. कुठंही नेता येतो.”

“कुठं न्यायचाय?”

निलेशशेठनी माझ्याकडे बघितलं.

“घरी खिडकीजवळ टेबल केलंय मी,” तात्या म्हणाले. “सागवानी. मागं वायरीला भोक पाडलंय. तितं ठेवायचा. तितनं हलवायचा न्हाय. हलका कशाला पायजे?”

कोपऱ्यात एक जुन्या घडणीचा, जाड, अडीच किलोचा लॅपटॉप होता. कंपनीनं तो बनवणं बंद केलं होतं. तात्यांनी तो दोन्ही हातांनी उचलून बघितला आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. “ह्याला म्हणत्यात मशीन.” पण वैशालीच्या कंपनीच्या यादीत तो बसत नव्हता. तात्या त्यावरूनही चिडले. परतीच्या रस्त्यात उसाच्या जोड-ट्रॉल्यांमागं आम्ही अर्धा तास रांगेत होतो, आणि तेवढा वेळ त्यांनी यादी करणाऱ्या माणसाची लायकी काढली. कागदावर गुण पाच होते, दोष अकरा.

पुढच्या बुधवारी संध्याकाळी मी तात्यांच्या ओट्यावर बसलो होतो. तात्या म्हणाले, “शनवारी परत बारामतीला जायाचं. पंखा परत ऐकायचाय. त्या दिवशी दुकानात एसीचा आवाज हुता.”

वैशाली आतून बाहेर आली. तिच्या हातात मोबाइल होता.

“दादा, तुम्ही तरी सांगा ह्यांना. मी सकाळीच सांगितलंय.”

“काय सांगितलंय?” मी विचारलं.

“कंपनीचा मेल आलाय. घरून काम बंद. सगळ्यांनी सोमवारपासनं पुण्याच्या ऑफिसात बसायचं. लॅपटॉप मात्र आपापलाच आणायचा.” ती तात्यांकडे वळली. “हे सकाळी ‘बरं’ म्हणले आणि आता पुन्हा पंखा ऐकायला निघालेत. सोमवारी मला हजर व्हायचंय आणि ह्यांच्या कागदावर अजून एक मशीन पास न्हाय.”

“पास हुण्यासारखं मशीन दाखव,” तात्या म्हणाले.

“जगात न्हाय तसलं.”

“मग नापास म्हणायचं न्हाय व्हय मी?”

“म्हणा. पण तात्या, मशीन नापास झालं म्हणून माझं जाणं ऱ्हाणार न्हाय.”

रस्त्यावरून कुणाची तरी मोटारसायकल गेली. तिचा सायलेन्सर फाटका होता. तात्यांनी मान वर केली नाही.

“कंपनीनं शबूद फिरवला,” शेवटी ते म्हणाले. “घरनं म्हणली हुती. लेखी हाय माझ्याकडं. लाल रेघ मारलीया मी.”

“फिरवला. मग काय करू? सोडू काम?”

“सोड म्हणलोय का मी?” तात्या उसळून बोलले, मग पुन्हा तेच, खालच्या आवाजात म्हणाले. “सोड म्हणलोय का मी तुला?”

वैशाली तिथंच उंबऱ्यावर बसली. खिडकीतून ते टेबल दिसत होतं. त्यावर तिनं इस्त्रीचे कपडे ठेवले होते.

शनिवारी आम्ही बारामतीला गेलो. दुकानात शिरल्यावर तात्यांनी स्क्रू ड्रायव्हर काढला नाही. काउंटरवरच्या पहिल्या लॅपटॉपकडे, म्हणजे त्यांनी नापास केलेल्या लॅपटॉपकडे बोट दाखवलं.

“हा द्या.”

निलेशशेठ चकित झाले. “काका, ह्यात तुम्ही अकरा दोष काढले होते.”

“हायतच. अकराच्या अकरा हायत. एक बी कमी झाला न्हाय.”

“मग?”

“मग काय? पोरीनं अडीच किलोचं धोंडं खांद्यावर घेऊन बसनं हिंडायचं का रोज? द्या म्हणलं न्हवं!”

हे सगळं ते ओरडूनच बोलले. निलेशशेठनी खोकं आणायला सांगितलं आणि स्वतः जाऊन तात्यांसाठी पाणी आणलं.

खरेदीला वेळ लागला नाही. नंतरच्या गोष्टींना लागला. लॅपटॉपच्या कंपनीच्या पुण्यातल्या दुरुस्ती केंद्राचा पत्ता तात्यांनी मागून घेतला आणि निलेशशेठच्याच फोनवरून तिथं फोन लावला. एका बाईंनी उचलला. निलेशशेठनी फोन स्पीकरवर टाकून काउंटरवर ठेवला होता, त्यामुळे दोन्ही बाजूंचं ऐकू येत होतं.

“तुमचं हापिस कुठल्या थांब्याजवळ हाय?”

बाईंनी थांबा सांगितला.

“उतरल्यावर किती चालायचं?”

“पाच मिनिटं, सर.”

“पाच मिनटांपर्यंत का पाच मिनटं?”

“सर?”

“ऱ्हाऊ द्या. पोरगी एकटी मशीन घेऊन आली तर नीट बोलता का? का आत बसा, बाहेर बसा, उद्या या?”

“नाही सर, आम्ही सगळ्यांशी नीट बोलतो.”

“आसं न्हाय. तुमचं नाव सांगा. मी तुमच्या नावावर पाठवणार तिला.”

पलीकडे बाई हसल्या आणि त्यांनी नाव सांगितलं. तात्यांनी ते त्या शाळेच्या कागदावर लिहायला लावलं. कुठल्या रकान्यात, असं मी विचारलं. “गुणात,” ते म्हणाले.

लॅपटॉपबरोबर एक खांद्याची पिशवी फुकट मिळाली. तिच्या पट्ट्याची शिवण तात्यांनी दोन्ही हातांनी ओढून बघितली, आणि दुकानातला त्या दिवसाचा दुसरा आरडाओरडा त्यानंतर झाला. बसस्थानकाजवळच्या चांभाराकडे जाऊन त्यांनी दोन्ही टोकांना दुहेरी टाके घालून घेतले. टाके घालताना ते त्याच्या समोर उकिडवे बसून होते. चांभारानं दोनदा त्यांना सावलीत बसायला सांगितलं. ते हलले नाहीत.

वैशाली रविवारी सकाळच्या पहिल्या गाडीनं निघणार होती. पुण्यात एका मैत्रिणीकडे उतरायची सोय झाली होती. सहा वाजून वीस मिनिटांनी आम्ही इंदापूरच्या आगारात पोचलो. गाडी फलाटाला लागलेली होती. वैशाली आत जाऊन खिडकीजवळ बसली. लॅपटॉपची पिशवी तिनं मांडीवर घेतली होती. सुटायची वेळ साडेसहाची. तात्या गाडीभोवती एक चक्कर मारून आले. मग मागच्या डाव्या चाकापाशी थांबले, वाकले आणि त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली.

“डायव्हर, खाली या.”

ड्रायव्हर तरुण होता, पण तात्यांना ओळखत होता. तो लगेच उतरला. “काय झालं तात्या?”

“हे चाक तापलंय.”

“अवो तात्या, गाडी काल संध्याकाळपासनं आत उभी हुती. आत्ता फलाटाला लावलीया. तापंल कसं?”

तात्या चाकाकडे बघत राहिले.

“तेच म्हणतोय मी,” ते म्हणाले. “उभ्या गाडीचं चाक तापतंय. म्हंजे बघा किती वाईट हाय.”

ड्रायव्हर काही बोलणार, तेवढ्यात शेडमधून गणपत आला. तो आता आगाराचा हेड मेकॅनिक आहे. तात्यांच्या हाताखाली शिकला. त्यानं हात पुसले, चाकापाशी बसला आणि तळवा चाकाच्या मध्यावर ठेवला. मग त्यानं तात्यांकडे बघितलं. तात्या वेळापत्रकाच्या फळ्याकडे बघत होते.

“कोमट लागतंय जरा,” गणपत म्हणाला. “बघावं लागंल.”

त्यानं पाना मागवला आणि एक घट्ट बसलेला नट सैल करून पुन्हा आवळायला सुरुवात केली. गाडीतले लोक कुरकुरले. एकानं खिडकीतून डोकं काढून विचारलं की हे रात्रीच बघायला काय झालं होतं.

वैशाली खाली उतरली. तिनं चाकाकडे एकदा बघितलं आणि तात्यांना बाजूला बोलावलं. दोघं फलाटावरच्या सिमेंटच्या बाकावर बसली.

“मांडीवर घेऊन काम करू नगंस,” तात्या म्हणाले. “खालनं हवा घेतोय तो. तोंड दाबल्यागत हुतंय त्याचं.”

“व्हय.”

“उन्हात दिसणार न्हाय काय. सावलीला बस.”

“व्हय तात्या.”

“बॅटरी सहा तासच धर. धा म्हणत्यात, त्यांच्यावर जाऊ नगंस.”

“न्हाय जात.”

“आन शनवार-रविवार…” तात्या थांबले.

“येते की,” वैशाली म्हणाली.

मी गाडीच्या मागच्या बाजूला गेलो. गणपत पाना फिरवत होता. त्याच्या शेजारी वाकून मी चाकाला हात लावून बघितला. ते गार होतं.

गाडी चौदा मिनिटं उशिरा सुटली. आगाराच्या नोंदवहीत कारणाच्या रकान्यात गणपतनं ‘तांत्रिक’ असं लिहिलं आणि खाली सही केली.